उबुंटू नव्याने बसवायची आहे, तीन डिस्कांची रेड शाबूत कशी ठेवावी?

कातळवाट

कुडाळ परिसरातल्या जत्रांमध्ये रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकांचे चित्रीकरण मी काही वर्षांपासून करत आलो आहे आणि ते सगळे घरातल्या एका डेस्कटॉपवर साठवलेले आहे. कार्यप्रणाली २४० जीबीच्या एसएसडीवर आहे. चित्रफिती ४ टीबीच्या तीन डिस्कांवर रेड-५ (अनेक डिस्का एकत्र बांधून केलेली एकच मोठी साठवण) करून ठेवल्या आहेत, म्हणजे वापरायला जागा ८ टीबी, आणि त्यातली साडेपाच टीबी भरलेली आहे. हार्डवेअर रेडचे कार्ड नाही. रेड सांभाळणारा लिनक्सचा एमडीॲडम प्रोग्रॅम वापरून माझ्या भाच्याने ही मांडणी करून दिली होती आणि तो आता नोकरीनिमित्त आखातात असतो.

यंत्रावर उबुंटू २०.०४ आहे. तिचा नेहमीचा पाठिंबा मे २०२५ मध्ये संपला, आणि तिच्यावरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मध्ये २२.०४ चा मुक्काम करावा लागतो. शिवाय एसएसडीवर नको त्या गोष्टींचा इतका गाळ साचला आहे की ती पुसून सगळे नव्याने बसवावे असे मनात आहे. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात चौकशी केली, तेव्हा "कार्यप्रणाली काढली की रेड मोडणारच, मग डेटा रिकव्हरीचा खर्च वेगळा" असे उत्तर मिळाले. जत्रांचा हंगाम तोंडावर आला असल्याने जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मचवा

यात एवढे घाबरण्यासारखे काही नाही. नवी उबुंटू बसवा आणि त्याच तीन डिस्का त्याच क्रमाने देऊन एमडीॲडमच्या क्रिएट कमांडने ॲरे, म्हणजे रेडमधला डिस्कांचा संच, पुन्हा तयार करा. क्रम बरोबर असेल तर आतला डेटा जसाच्या तसा दिसतो. मी पूर्वी असे केलेले आहे.

खाजण

मचवा यांचा सल्ला कृपया अमलात आणू नये. त्यांचे काम निभावले असेल, यावर माझा विश्वास आहे, पण ते का निभावले हे समजून घेतल्याशिवाय तो मार्ग दुसऱ्याला दाखवणे धोक्याचे आहे.

आधी मूळ प्रश्नाचे उत्तर. एमडीॲडमची रेड कार्यप्रणालीत राहत नाही, ती डिस्कांवरच राहते. प्रत्येक सदस्य डिस्कवर सुपरब्लॉक नावाची एक छोटी नोंद असते. हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या १.२ आवृत्तीत ती सदस्याच्या सुरुवातीपासून ४ केबी अंतरावर लिहिलेली असते. ॲरेची ओळख काय, रेडचा प्रकार कोणता, एकूण सदस्य किती, त्यांत या डिस्कचे स्थान कितवे, चंक (प्रत्येक डिस्कवर आळीपाळीने लिहिला जाणारा डेटाचा तुकडा) केवढा आणि प्रत्यक्ष डेटा कुठून सुरू होतो, हे सगळे तिच्यात असते. प्रत्येक डिस्क आपला सातबारा आपल्याच खिशात घेऊन हिंडते म्हणा ना. त्यामुळे एसएसडी पुसली काय किंवा तीनही डिस्का उचलून दुसऱ्याच यंत्राला लावल्या काय, तिथल्या लिनक्सने त्या नोंदी वाचल्या की ॲरे उभा राहतो. डिस्का कोणत्या पोर्टला लावल्या आहेत यानेही फरक पडत नाही. दुकानदाराचे म्हणणे तुमच्या मांडणीला लागू होत नाही.

आता क्रिएटबद्दल. ॲसेम्बल ही कमांड असलेल्या नोंदी वाचून ॲरे जोडते. क्रिएट त्या नोंदी पुसून नव्या लिहिते. नव्या नोंदीत चंकचा आकार, डेटाचा आरंभबिंदू आणि डिस्कांचा क्रम या गोष्टी जुन्याशी तंतोतंत जुळल्या तरच आतले काही वाचता येईल, आणि डेटाचा आरंभबिंदू एमडीॲडमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये आपोआप वेगळा निवडला जाऊ शकतो. भरीस भर म्हणजे नवा रेड-५ तयार झाल्याबरोबर पार्श्वभूमीवर समक्रमण सुरू होते. त्या वेळी क्रम चुकलेला असेल तर एका डिस्कवरचा मजकूर चुकीच्या हिशेबाने पुन्हा लिहिला जातो आणि मग परतीचा रस्ता राहत नाही. सगळे उपाय थकल्यावर, डिस्कांच्या प्रती काढून, त्या प्रतींवर जाणकाराने करून पाहायचा हा प्रकार आहे. नव्या प्रणालीवर जुना ॲरे हवा असेल तर शब्द एकच लक्षात ठेवावा: ॲसेम्बल.

तुम्ही पुढील माहिती इथे द्यावी, म्हणजे नेमके बोलता येईल. डिस्कांची यादी देणारी एलएसबीएलके कमांड फाइलसिस्टिम दाखवणाऱ्या पर्यायासह चालवून काय दिसते, प्रॉकमधल्या एमडीस्टॅट फाइलमध्ये (तिच्यात ॲरेची सद्यस्थिती असते) काय आहे, आणि तीनही डिस्कांच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, ५, १९७ आणि १९९ या क्रमांकांपुढे कोणते आकडे आहेत. पहिले दोन खराब झालेल्या आणि संशयास्पद सेक्टरांचे असतात. तिसरा केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीचा असतो आणि आपल्या किनाऱ्यावर तो पाहायलाच हवा. खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरचा संपर्क ढिला पडतो आणि लोक चांगली डिस्क मेली म्हणून टाकून देतात.

उधाण

खाजण यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण त्याआधीचा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही. साडेपाच टीबीची दुसरी प्रत कुठे आहे? रेड-५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालू राहते, एवढेच त्याचे आश्वासन. चुकून पुसलेली फाइल, वीज पडून जळालेला पॉवर सप्लाय, घरात शिरलेले पाणी यांच्यापुढे तीन डिस्का आणि एक डिस्क सारख्याच. मी चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर बाजारपेठेतल्या किती दुकानांचे संगणक चिखलासकट बाहेर काढावे लागले, हे आम्ही पाहिले आहे. ८ टीबीची एक बाहेरची डिस्क घ्यावी, सगळे उतरवून ती दुसऱ्या घरी ठेवावी आणि मगच एसएसडीला हात लावावा.

कातळवाट

सर्वांचे आभार. उधाण यांचा मुद्दा मान्य आहे आणि बाहेरची डिस्क मागवली आहे.

खाजण, तुम्ही सांगितलेली माहिती देत आहे. एमडीस्टॅटमध्ये तीनही डिस्का चालू असल्याचे, म्हणजे तीन यू, दिसतात. स्मार्टमध्ये ५ आणि १९७ या क्रमांकांपुढे सगळीकडे शून्य आहे. १९९ पुढे मात्र एका डिस्कला १४२ आहे. एलएसबीएलकेमध्ये तीनही डिस्कांच्या पार्टिशनपुढे लिनक्स रेड मेंबर असे लिहून येते, त्यांच्याखाली एमडी० आहे आणि एमडी० पुढे क्रिप्टो लक्स असे काहीतरी आहे. त्याच्याही खाली ईएक्सटी४ आहे.

खाजण

बरे झाले विचारले. या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही आत्ता लिहिलीत.

क्रिप्टो लक्स याचा अर्थ असा की रेडवर एनक्रिप्शनचा थर आहे आणि फाइली त्याच्या आत आहेत. यंत्र सुरू करताना तुम्हाला या थराचा पासवर्ड विचारला जातो का? विचारला जात नसेल, तर किल्लीची फाइल एसएसडीवर कुठेतरी ठेवलेली आहे आणि सुरुवातीलाच ती वाचून थर आपोआप उघडला जातो. एसएसडी पुसली की ती किल्लीही पुसली जाईल. मग ॲरे निर्दोष जोडला जाईल, तीनही डिस्का ठणठणीत दिसतील, आणि आतली एकही चित्रफीत कधीच उघडणार नाही. लक्सला मागचा दरवाजा नाही. रिकव्हरीवालाही काही करू शकत नाही.

इटीसी फोल्डरमधली क्रिप्टटॅब ही फाइल उघडावी. तिच्यातल्या ओळीचा तिसरा रकाना पाहावा. तिथे नन असेल तर पासवर्ड विचारला जातो. फाइलचा पत्ता असेल तर तीच तुमची किल्ली.

कातळवाट

पासवर्ड कधीच विचारला गेलेला नाही. तिसऱ्या रकान्यात रूट फोल्डरमधल्या एका फाइलचा पत्ता आहे. भाच्याला फोन केला. पासवर्ड ठेवला होता की नाही, हे त्याला आता आठवत नाही.

खाजण

तरी हरकत नाही, कारण आज थर उघडा आहे आणि किल्ली हातात आहे. पुढील गोष्टी आजच कराव्यात, कार्यप्रणाली बदला अगर बदलू नका.

पहिली गोष्ट, ती किल्लीची फाइल दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. दुसरी, क्रिप्टसेटअपच्या लक्स ॲड की या कमांडने, तीच किल्ली दाखवून, तुमच्या लक्षात राहील असा एक पासवर्डही जोडावा. लक्समध्ये एकाच कुलपाला अनेक किल्ल्या चालतात. लक्स डंप केल्यावर कोणकोणते स्लॉट, म्हणजे किल्ल्यांच्या जागा, भरलेले आहेत ते दिसते. तिसरी, लक्स हेडर बॅकअप या कमांडने हेडरची, म्हणजे हे स्लॉट ज्यात असतात त्या सुरुवातीच्या भागाची, प्रत काढावी. लक्स २ असेल तर ती साधारण १६ एमबीची असते. हेडर खराब झाले तर योग्य पासवर्ड असूनही कुलूप उघडत नाही, म्हणून ही प्रत लागते. ती रेडवरच ठेवू नये हे सांगायला नको, पण लोक ठेवतात. आणि पासवर्ड जोडल्यावर तो प्रत्यक्ष चालतो का, हे ओपन कमांडला टेस्ट पासफ्रेज पर्याय लावून पाहावे. यात काहीही उघडत वा बदलत नाही, फक्त पासवर्ड तपासला जातो.

त्याच पेनड्राइव्हवर एसएसडीवरून आणखी काही उचलावे: इटीसीमधल्या एफएसटॅब (कोणती फाइलसिस्टिम कुठे जोडायची याची यादी), क्रिप्टटॅब, एमडीॲडमची कॉन्फ फाइल, पासवर्ड (पासडब्ल्यूडी, म्हणजे वापरकर्त्यांची यादी) आणि ग्रुप या फाइली, आणि चित्रफिती घरातल्या दुसऱ्या यंत्रावर सांबातून, म्हणजे नेटवर्कवरून, उघडत असाल तर सांबाची कॉन्फ फाइल. यांतल्या बहुतेक जशाच्या तशा परत टाकायच्या नसतात. समोर ठेवून नव्याने लिहायला त्या उपयोगी पडतात. शिवाय तीनही डिस्कांवर एमडीॲडमचे एक्झामिन चालवून त्याचे उत्तर एका मजकूर फाइलमध्ये साठवावे आणि कागदावरही छापून घ्यावे.

१९९ पुढचे १४२ हा केबलचा दोष आहे. हा आकडा कधी मागे येत नाही, म्हणून तो शून्य व्हायची वाट पाहू नये. त्या डिस्कची साटा केबल बदलावी आणि आकडा तिथेच थांबतो का, एवढेच पाहावे.

पाणंद

विषय लिनक्सचा असला तरी हा धागा वाचून कुणी विंडोजवर हात चालवू नये, म्हणून थोडे लिहितो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा पाठिंबा संपल्यापासून रत्नागिरीत माझ्याकडे अशीच विचारणा वारंवार येते.

मदरबोर्डवरची इंटेलची रेड असेल तर तिच्याही नोंदी डिस्कांवरच असतात, पण बायोसमध्ये साटाचा मोड रेड असा निवडलेला असावा लागतो. जुन्या बोर्डाची नाण्याएवढी बॅटरी उतरली, किंवा कुणी बायोस मूळ स्थितीला नेले, की बहुतेक बोर्डांवर मोड एएचसीआय होतो, डिस्का सुट्या दिसू लागतात आणि माणूस समजतो की रेड मोडली. आधी मोड पूर्ववत करावा. विंडोजच्या इन्स्टॉलरला एकही डिस्क दिसत नसेल तर इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

स्टोरेज स्पेसेसचा पूल नव्या विंडोजला आपोआप ओळखता येतो. जुन्या पद्धतीच्या डायनॅमिक डिस्का फॉरिन म्हणून दिसतात आणि त्या आयात कराव्या लागतात. या सगळ्यांत एक खिडकी जीवघेणी आहे: डिस्क व्यवस्थापन उघडल्याबरोबर येणारी, "डिस्क इनिशिअलाइझ करा" म्हणणारी. तिथे ओके दाबले की डिस्कच्या सुरुवातीला नवा पार्टिशन तक्ता लिहिला जातो. पार्टिशन न करता अख्खी डिस्क लिनक्सच्या रेडला दिलेली असेल तर विंडोजला ती कोरीच वाटते, आणि जीपीटीचा तक्ता ज्या जागी बसतो त्याच पट्ट्यात तो ४ केबीवरचा सुपरब्लॉक असतो. कातळवाट यांच्या डिस्कांवर पार्टिशन आहेत, त्यामुळे त्यांना हा धोका कमी आहे.

मचवा

खाजण यांनी क्रिएटबद्दल लिहिलेले वाचले. माझ्या वेळी आवृत्ती तीच होती, म्हणून जुळून आले असावे. पण मग २०.०४ वरून २२.०४ आणि तिथून २४.०४ असे टप्प्याटप्प्याने अद्ययावत करणे अधिक सोपे नाही का? किल्ली, एफएसटॅब, सगळे जागच्या जागी राहील.

खाजण

तो मार्ग वैध आहे आणि ज्यांची एसएसडी स्वच्छ आहे त्यांना मी तोच सुचवेन. पण त्यांना गाळ काढायचा आहे, आणि दोनदा अद्ययावत केल्याने गाळ तसाच पुढे वाहत जातो. दोन्ही मार्गांत किल्लीची प्रत आधी काढायचीच, कारण एसएसडी काही विचारून मरत नाही.

कातळवाट, आता प्रत्यक्ष बदलाकडे. माझा आग्रह एका गोष्टीसाठी आहे: एसएसडी पुसण्याआधी रंगीत तालीम करावी. २४.०४ ची यूएसबी लावून यंत्र त्यावरून सुरू करावे, पण काही बसवू नये, फक्त वापरून पाहण्याचा पर्याय निवडावा. एमडीॲडम त्यात नसेल तर तिथल्या तिथे बसवून घ्यावा. मग ॲरे रीड-ओन्ली ठेवून ॲसेम्बल करावा, लक्सचा थर रीड-ओन्ली पर्यायाने, नव्या पासवर्डाने उघडावा, आतली फाइलसिस्टिमही केवळ वाचनासाठी माउंट करावी आणि दोन-चार नाटके मध्येच कुठूनतरी चालवून पाहावीत. एमडीॲडम बसवल्याबरोबर ॲरे आपोआप उभा राहून त्यापुढे ऑटो-रीड-ओन्ली असे दिसले तर बिचकू नये. पहिले लेखन होईपर्यंत तो तसाच थांबतो. जुन्या एसएसडीला न विचारता चित्रफीत चालली, याचा अर्थ तिच्यावर अवलंबून असलेले काही उरलेले नाही. तालीम फसली तर यंत्र पूर्वीसारखे सुरू करावे आणि इथे लिहावे.

त्यानंतर यंत्र बंद करून, प्लग काढून, तीनही डिस्कांच्या साटा केबल सोडवाव्यात. इन्स्टॉलरच्या पडद्यावर डिस्कांची एसडीए, एसडीबी ही नावे दर वेळी त्याच क्रमाने येतील याची हमी नसते, आणि "संपूर्ण डिस्क पुसा" हे बटण नेमके तिथेच असते. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती पुसली जाऊ शकत नाही. सोडवताना प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून तिच्या कडेला चिकटवावेत. पुढे एखादी बदलायची वेळ आली तर हीच पट्टी कामी येते.

सोडवायच्या तर तिन्ही, जोडायच्या तर तिन्ही. दोनच डिस्का लागल्या आणि ॲरे तसाच लिहिता झाला, तर त्या दोघींच्या नोंदीतला घटनांचा आकडा पुढे जातो आणि तिसरी मागे पडते. मग तिला पुन्हा घ्यावे लागते. बिटमॅप (कुठे कुठे लेखन झाले याची ॲरेतली नोंद) असेल तर हे काम थोडक्यात आटोपते. तो नसेल तर ४ टीबीची पूर्ण फेरी होते, आणि सेकंदाला १५० एमबी धरले तरी ती साडेसात तासांच्या आसपास जाते. घरगुती यूपीएस तेवढा टिकत नाही. हे काम सकाळी हाती घ्यावे. परतीच्या पावसात दुपारनंतर कधी गडगडेल आणि महावितरण कधी हात वर करील, ते सांगता येत नाही.

कातळवाट

बाहेरच्या डिस्कवर सगळे उतरवले आणि ती माझ्या बहिणीकडे सावंतवाडीला ठेवली. केबल बदलली; साडेपाच टीबी वाचून झाल्यावरही १९९ चा आकडा १४२ वरच आहे. तालीमही झाली आणि नव्या पासवर्डाने नाटके व्यवस्थित चालली. त्यानंतर डिस्का सोडवून २४.०४ बसवली आणि डिस्का परत जोडल्या.

आता दोन शंका आहेत. ॲरे पूर्वी एमडी० होता, तो आता एमडी१२७ या नावाने दिसतो. आणि फाइली दिसतात, चालतात, पण नवीन काही लिहू गेल्यास परवानगी नाकारली जाते. मालकाच्या जागी माझ्या नावाऐवजी १००१ असा आकडा येतो.

खाजण

दोन्ही गोष्टी अपेक्षित आहेत.

ॲरेच्या नोंदीत जुन्या यंत्राचे नाव लिहिलेले असते. नव्या प्रणालीत तुम्ही यंत्राला वेगळे नाव दिले असणार, म्हणून तिने हा ॲरे परका धरून त्याला १२७ क्रमांक दिला. एमडीॲडमच्या डिटेल स्कॅनचे उत्तर नव्या कॉन्फ फाइलच्या शेवटी जोडावे. जोडताना दोन बाणांचे चिन्ह वापरावे, एका बाणाने आधीचा मजकूर पुसला जातो. त्यानंतर अपडेट इनिटरामएफएस चालवावे, नाहीतर सुरुवातीच्या टप्प्यात ही नवी नोंद वाचलीच जात नाही. त्या ओळीतले नाव एमडी० असे करून घेतले की पुढच्या वेळी ते तसेच येईल.

क्रिप्टटॅब आणि एफएसटॅब लिहिताना तीन वेगवेगळ्या यूयूआयडींची, म्हणजे ओळखक्रमांकांची, गल्लत करू नये. एमडीॲडम दाखवतो तो ॲरेचा. तो आठ-आठ अक्षरांच्या चार गटांत, मध्ये विसर्गचिन्हे देऊन लिहिलेला असतो आणि फक्त एमडीॲडमच्या कॉन्फमध्ये जातो. ब्लकआयडी एमडी० साठी दाखवतो तो लक्सचा; तो क्रिप्टटॅबमध्ये जातो. उघडलेल्या थराचा तिसरा असतो, तो एफएसटॅबमध्ये जातो. दोन्ही ओळींना नोफेल हा पर्याय द्यावा, म्हणजे एखाद्या दिवशी ॲरे जोडला गेला नाही तरी यंत्र अर्ध्यात अडकत नाही.

मालकीबद्दल: फाइलवर नाव लिहिलेले नसते, वापरकर्त्याचा आकडा असतो. जुन्या प्रणालीत भाच्याचे खाते पहिले म्हणजे १००० आणि तुमचे दुसरे म्हणजे १००१ असणार. आता तुमचे एकट्याचेच आहे आणि ते १००० आहे. जुनी पासवर्ड फाइल पेनड्राइव्हवर आहे, तिच्यात पाहून खात्री करावी. मग १००१ च्या मालकीच्या फाइली चओन कमांडने आपल्या नावावर कराव्यात. मालक १००१ असल्याची अट घालूनच ते करावे, कारण भाच्याच्या म्हणजे जुन्या १००० च्या काही फाइली आत असतील तर त्या आधीच तुमच्या नावावर दिसत असतील आणि कुठल्या कुणाच्या हे नंतर कळणार नाही.

कातळवाट

जुन्या पासवर्ड फाइलमध्ये तुम्ही म्हणता तसेच आकडे आहेत. मालकी बदलली, कॉन्फमध्ये ओळ जोडली, यंत्र पुन्हा सुरू केल्यावर एमडी० परत आला आणि सांबावरून विंडोजच्या लॅपटॉपवर फोल्डर उघडते. एकच शेवटचे: किल्लीची फाइल पुन्हा एसएसडीवर ठेवू की दर वेळी पासवर्ड घालू?

खाजण

यंत्र घरातच असते आणि लाईट गेल्यावर ते आपोआप सुरू व्हायला हवे असेल तर किल्ली ठेवावी. फक्त ती रूटलाच वाचता येईल अशी परवानगी लावावी. यंत्रासकट डिस्का चोरीला गेल्यास मात्र कुलपाचा उपयोग उरत नाही, हे गृहीत धरावे. दोन्ही पेनड्राइव्ह तसेच राहू द्यावेत, आणि पासवर्ड जोडल्यानंतर हेडरची प्रत काढली नसेल तर ती पुन्हा काढावी, कारण जुन्या प्रतीत नवा स्लॉट नसतो.

कातळवाट

प्रत पासवर्ड जोडण्याआधीची होती. आता नवी काढून दोन्हींवर ठेवली आहे.